लावणी सोज्वळ करू नका

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


सरकारी लावणी महोत्सवाच्या उद्घाटनात एक वाक्य हमखास येतं: लावणीला प्रतिष्ठा मिळवून द्यायची आहे. सरकारं बदलली, मंत्री बदलले, पण हे वाक्य काही जागचं हललं नाही. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं की ते येतंच, आणि त्यावर टाळ्याही पडतात. आपणही आज ना उद्या ते म्हणाल. कदाचित म्हणूनही झालं असेल. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

लावणीला प्रतिष्ठा मिळालेली आहे हो, आणि चांगली सढळ हाताने मिळालेली आहे. सिनेमाची जाहिरात लावणीच्या गाण्यावर चालते. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत लावणीची फेरी ठरलेली. शाळेच्या गॅदरिंगला तिसरीतल्या मुली नऊवारी नेसून नाचतात आणि आईबाप मोबाइल उंच धरून उभे असतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत गणपतीच्या कार्यक्रमाला लावणी नसेल तर लोकांना चुकल्यासारखं होतं. हे सगळं चालू असताना मोडनिंबच्या किंवा चौफुल्याच्या कला केंद्रात हीच लावणी पोटासाठी नाचणाऱ्या बाईला तालुक्याच्या गावात भाड्याने खोली मागायला गेल्यावर काय काय ऐकावं लागतं, ते एकदा तिलाच विचारून बघा.

मी पुण्यात कथक शिकवते. क्लासला येणाऱ्या मुलींच्या आया फी विचारतात, परीक्षा कोणत्या ते विचारतात, दहावीला वाढीव गुण मिळतील ना, तेही विचारतात. मी कुणाच्या पोटची, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आमच्या नाचाचं मूळ कोठ्यावर किती आणि देवळात किती, याची चौकशी करायची गरज कुणाला वाटत नाही, कारण आमच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी ते काम उरकून ठेवलं आहे. ते कसं उरकलं गेलं, हे आधी सांगते. कारण आता लावणीचंही तसंच करायचं घाटतं आहे.

सुरुवात तंजावरपासून करावी लागेल, आणि ती आपल्याला परकी जागा नव्हे. आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो त्याचा मंचावरचा क्रम, अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंतचा, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी बसवला. ते दुसऱ्या सरफोजीराजांच्या, म्हणजे भोसल्यांच्या दरबारात होते. नाचणाऱ्या बायका देवळाशी आणि दरबाराशी बांधलेल्या घराण्यांतल्या. 1880 साली सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं, तेव्हा नर्तकी आणि त्यांचे साथीदार बडोद्याला आले ते आंदण म्हणून. कलेच्या राजाश्रयाचं आपण फार कौतुक करतो. त्या आश्रयात कलावंत बाई भांड्याकुंड्यांबरोबर सासरी पाठवता येत होती, एवढं लक्षात असावं.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाचविरोधी चळवळ उभी राहिली. मुलींना देवाला वाहण्याची चाल बंद व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी त्यासाठी लढल्या, आणि त्यांची आई स्वतः देवदासी समाजातली होती. मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला, मद्रासमध्ये 1947 साली. पण याच वर्षांत शेजारी दुसरंही काही चाललं होतं. 1932 मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीत 'सदिर' या त्या जुन्या नाचाचं नाव बदलून भरतनाट्यम करण्यात आलं. 1935 साली रुक्मिणीदेवी अरुंडेल, एका ब्राह्मण घरातल्या थिऑसॉफिस्ट बाई, अड्यारला तो नाच नाचल्या. 1936 मध्ये कलाक्षेत्र उभं राहिलं. पोशाख बदलला, शृंगार मवाळ झाला, मंचावर नटराजाची मूर्ती आली. शिकवायला सुरुवातीला जुने नट्टुवनार, म्हणजे पिढीजात नृत्यगुरूच होते. मग त्यांचीही गरज उरली नाही. बालसरस्वती, त्या पिढीजात घराण्यातल्या फार मोठ्या नर्तकी, शेवटपर्यंत सांगत राहिल्या की शृंगार हा या नाचाचा डाग नसून तोच त्याचा गाभा आहे. त्यांना पद्मविभूषण मिळालं, जगभर मान मिळाला. पण त्यांच्या समाजातल्या मुली दोन पिढ्यांत मंचावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. आज नृत्या पिल्लै यांच्यासारखी एखादी पिढीजात घराण्यातली नर्तकी उभी राहून हा हिशेब मागते, तेव्हा सभागृहात चुळबुळ सुरू होते.

नाच वाचवताना नाचणारी गेली, असं तिकडे झालं. आणि हे कुणा दुष्ट माणसांनी केलं नाही. भल्या, सुशिक्षित, कलेवर जीव असलेल्या लोकांनी केलं.

आमच्या पुण्यात कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी 1947 साली नृत्यभारती सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने घुंगरू बांधायचे म्हणजे घरादाराची अब्रू वेशीला टांगायची, असा तो काळ. रोहिणीताईंचं धाडस मी कधीच कमी लेखणार नाही. त्या पुण्याईवर माझ्यासारख्या कित्येकींचे क्लास चालतात. पण समाजाने त्या मुलींना मान्यता दिली ती एका न बोललेल्या अटीवर: या 'त्या' बायका नव्हेत. ती अट आजही लागू आहे. 'आमची मुलगी क्लासिकल करते' या वाक्यात 'क्लासिकल'वर जो जोर पडतो ना, तो नाचाच्या तंत्रासाठी नसतो.

गोव्याच्या कलावंत समाजाने आणखी वेगळी वाट काढली. संघटना बांधली, मुलींना शिकवलं, गोमंतक मराठा समाज हे नाव घेतलं, आणि गाणं ठेवून नाच सोडला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्या समाजातल्या. केसरबाईंचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अवकाशात गेला. आवाज सूर्यमालेबाहेर जाऊ शकला. पाय मात्र घरातच बांधून ठेवावे लागले. इकडे महाराष्ट्रात सुलोचना चव्हाण यांनी शेकडो लावण्या गायल्या, त्या डोक्यावर पदर घेऊन. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली, आणि ती फार आधी मिळायला हवी होती. पण त्यांच्याबद्दल बोलताना लोक पदराचा उल्लेख न चुकता का करतात, याचा जरा विचार व्हावा. लावणी म्हणणाऱ्या गळ्याला मान द्यायला आपण तयार असतो, अट एवढीच की त्या गळ्याखालचं शरीर नाचताना दिसू नये.

आता आपल्या घरचं बघू. तमाशा कुणाचा, हे विचारायला संशोधन लागत नाही. पूर्वी फडाच्या पाटीवरच लिहिलेलं असायचं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर. जात नावातच. पुढे बऱ्याच कलावतींनी गावाचं नाव आडनाव म्हणून घेतलं: वाईकर, सातारकर, पंढरपूरकर. त्यामुळे जाहिरातीत जात दिसेनाशी झाली, पण गावाला माहीतच होतं. कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग: पेशवाईच्या नाटकशाळांपासून आजच्या कला केंद्रांपर्यंत नाचायला उभी राहणारी बाई बहुतेक वेळा याच घरांतली. शाहीर ब्राह्मण असू शकत होता. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जातीबाहेर पडून तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडातली पवळा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार घरातली. तिला बघायला माणसं लोटायची. बापूरावांच्या त्यागाच्या कथा आपण पाठ्यपुस्तकी थाटात सांगतो. कुलकर्णीपण सोडलं म्हणून ते मोठे. पवळाकडे सोडायला काय होतं? तिने ना वतन सोडलं ना जानवं, म्हणून तिची कथा त्यांच्या चरित्रातला एक अध्याय होऊन राहिली.

याच बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून देऊ केलेली देणगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली होती. आमच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. ती समजून घेतल्याशिवाय लावणीच्या वारशाबद्दल बोलणं पोकळ आहे. आंबेडकरी समाजाने तमाशाकडे पाठ फिरवून जलसे उभे केले, त्यालाही तेच कारण. ज्यांना नाच जन्माने लादला गेला त्यांनी तो झुगारला तर त्यात 'परंपरेचं नुकसान' बघणारे आपण कोण? डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचलेलं असेल आपण. बहिणीच्या घुंगरांवर भाऊ बसून खातात, आईने दुसऱ्या गावी संसार थाटला तर पोरगं आजोळी पोरकं होतं, हे त्या पुस्तकात आहे. त्यामुळे पिढीजात कलेचे गोडवे मी गाणार नाही. एखादीला नाचायचं नसेल तर तिला शाळा, वसतिगृह, नोकरी मिळावी. नाचायचं असेल तर ते काम म्हणून, मानाने करता यावं. आपल्याकडे दोन्हींची सोय नाही. मधल्यामध्ये 'लोककलेचं जतन' तेवढं चालू आहे.

या मधल्या जागेबद्दल शैलजा पाईक यांनी 2022 साली एक मोठा ग्रंथ लिहिला, तमाशातल्या दलित बायकांवर. पाईक येरवड्याच्या वस्तीत वाढल्या, आज अमेरिकेत सिनसिनाटीला इतिहासाच्या प्राध्यापक आहेत, आणि 2024 साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपण त्यांचं अभिनंदन केलं असेल. ग्रंथ खात्यात कुणी वाचला का, ते जरा विचारा.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट प्रत्येक भाषणात येते. दिवस भरलेले, प्रयोग चालू, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, कलेवरची निष्ठा म्हणून टाळ्या पडतात. मला ती गोष्ट ऐकली की दुसरंच सुचतं. नवव्या महिन्यात एका बाईला उभं राहावं लागत होतं, कारण ती उभी राहिली नाही तर फड उपाशी. तिच्या जागी कुणी नव्हतं, तिला रजा नव्हती, तिच्यासाठी कुठला कायदा नव्हता. गिरणीतल्या बाईची अशी गोष्ट असती तर तिला आपण निष्ठा म्हटलं नसतं. चौकशी समिती नेमली असती. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. 2002 साली गेल्या तेव्हा रुग्णालयाचं बिल भागवायला लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. चार वर्षांनी सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1977 सालीच मिळाला होता. पद्मश्री यायला 2012 उजाडलं, तेव्हा बाई 96 वर्षांच्या होत्या.

'सुधारणे'चा आपला इतिहासही काही लहान नाही. 1948 साली मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तमाशाच्या संहिता तपासून घ्यायची पद्धत आली, अश्लील काय आणि चालण्यासारखं काय हे शहरातली शिकलेली माणसं ठरवू लागली. ज्यांच्या फडाची संहिता कधी कागदावर नव्हतीच, त्यांनी काय दाखवायचं? पुढे 'प्रबोधन करणारा' लोकनाट्याचा प्रकार बहरला, त्यात फार चांगली माणसं होती, फार चांगली गाणी झाली. त्यातून संगीत बारीतल्या, म्हणजे कला केंद्रात नाचणाऱ्या बाईला काय मिळालं, हे मात्र शोधावं लागतं. सिनेमाने तर तिला कायम मोहात पाडणारी करून टाकलं. 'पिंजरा'तला मास्तर बिघडतो तो तिच्यामुळे. मास्तरच्या मनाला जबाबदार धरायचं कुणाला सुचत नाही.

आणि 2005. मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद केले. त्या वेळी 75 हजार बायकांची रोजी जाईल असा आकडा सांगितला जात होता. त्यांतल्या कित्येक उत्तरेतल्या बेडिया, नट, डेरेदार अशा पिढीजात नाचगाण्याच्या समाजांतल्या होत्या. हा विषय आपल्या खात्याचा नाही, गृह खात्याचा, असं कुणी म्हणेल. थोडा धीर धरा. त्या दुरुस्तीत दोन कलमं होती. एका कलमाने उपाहारगृह, परमिट रूम, बिअर बारमधला नाच बंद केला. लगेच पुढच्या कलमाने नाट्यगृह, जिमखाने आणि तीन तारे किंवा त्याहून वरची हॉटेलं यांना सूट दिली. म्हणजे नाच तोच, गाणं तेच, कपडे तेच किंवा कमीच. पाहणाऱ्याच्या खिशावर नीतिमत्ता ठरणार. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हे टिकू दिलं नाही. समानतेचा हक्क आणि पोट भरण्याचा हक्क दोन्ही मोडतात, असं सांगितलं. सरकारने 2014 मध्ये पुन्हा बंदी आणली, 2016 मध्ये अटींचा डोंगर रचला, 2019 मध्ये न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी उडवल्या. तोवर त्या बायका कुठे गेल्या होत्या, ते विचारू नका.

इतकं सांगायचं कारण असं की या राज्यात नाचाबद्दलचा सर्वांत प्रामाणिक सरकारी दस्तऐवज तोच आहे, तीन ताऱ्यांची सूट देणारा. भाषणांत आपण जे बोलत नाही ते त्यात स्पष्ट लिहून ठेवलेलं सापडतं.

संगीत बारी आपण उद्घाटनाला नव्हे, तशी कधी पाहिली आहे का? मी बघायला गेले ती कथकची माणूस म्हणून. आवारात पुढे थिएटर, मागे खोल्यांची रांग, एकेका खोलीत एकेक पार्टी: मालकीण, नाचणाऱ्या मुली, पेटीवाला, ढोलकीवाला, आणि दारात दप्तर घेऊन बसलेली पोरं. संध्याकाळी पार्ट्यांना पाळीपाळीने मंच मिळतो. चाळ बांधण्याआधी पोटरीच्या खाली फडक्याची घट्ट पट्टी गुंडाळतात, नाहीतर कातडी सोलून निघते. आमचे घुंगरू सुती दोरीत ओवलेले, त्यांचं वजन मी रोज वागवते. चाळ हातात घेतली तेव्हा मनगट खाली गेलं. ती पायात घालून दोन-अडीच तास उभं राहायचं.

मंचावरचं आटोपल्यावर एका वयस्क बाईंनी खोलीतच बसून अदा करून दाखवली. ओळ साधी होती: रात्र सरेपर्यंत थांब, एवढंच सांगणारी. पहिल्यांदा त्यांनी ती डोळ्यांनी सांगितली. मग बांगडी मागे सारत, जणू भांडायचं आहे. मग पदराच्या टोकाशी चाळा करत, थांबलास काय नि गेलास काय, या थाटात. एकदा मान फिरवून, तो निघून गेल्यावर. पेटीवाला ओळ घोळत राहिला आणि बाई प्रत्येक वेळी नवीच माणूस झाल्या. कथकमध्ये याला आम्ही बैठकी भाव म्हणतो. शंभू महाराज बसून ठुमरीचे भाव करायचे, त्याच्या आठवणी आमच्या गुरूंनी आम्हाला हात जोडून सांगितल्या. शंभू महाराज पद्मश्री होते, दिल्लीत शिकवायला होते. या बाईंना मी विचारलं, तुमच्याकडे शिकायला कोण येतं? म्हणाल्या, "शिकायला सिनेमावाल्या बाया येतात दोन दिवस. फोटू काढून नेतात."

आता पैशाकडे वळते, कारण वर्ग म्हणजे शेवटी तोच. आमच्या क्षेत्रात नाचून कुणाचं पोट भरत नाही, हे उघड गुपित आहे. रंगप्रवेशाला साथीदार, सभागृह, दागिने मिळून लाखांत खर्च जातो. तो वडील करतात. पुढे महोत्सवात नाचायला मिळालं तर प्रवासखर्च निघाला तरी आम्ही खूश. नवऱ्याचा पगार किंवा क्लासची फी, यावर आमची कला उभी असते. म्हणजे तोट्यात नाचणं परवडतं त्यांनाच 'शास्त्रीय कलावंत' होता येतं. संगीत बारीतली बाई तोट्यात नाचू शकत नाही. तिच्या नाचावर दहा-बारा जणांची चूल असते. आणि तिने पैसे घेतले, दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी दिलेली बक्षिसी, स्वीकारला, म्हणूनच ती कमी प्रतीची ठरते. कमाई करणारी बाई हलकी आणि खर्च करणारी थोर, हे गणित आपण कलेच्या नावाखाली खपवतो.

2023 साली नर्तकी गौतमी पाटील हिच्या 'पाटील' या आडनावावरून वाद झाला, आठवत असेल. तिचा नाच लावणी आहे की नाही, यावर बोलायला भरपूर जागा आहे. मला स्वतःला तो फारसा आवडत नाही. पण काही संघटनांची मागणी वेगळीच होती: हिने पाटील आडनाव लावू नये. नाचणारीने नाचावं, गर्दी जमवावी, यात्रा कमिटीला पैसे मिळवून द्यावेत, फक्त आमच्यातली आहे असं दिसू नये. तिने आडनाव सोडलं नाही, हे मला आवडलं. आणि एक गंमत बघा. कोल्हाट्यांची पोरं कित्येक पिढ्या आईचं नाव लावत आली, त्यावरून शाळेत टोमणे खात आली. आपल्या सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं. उत्तम निर्णय. त्या पोरांचं त्यात कुणी नावही घेतलं नाही.

म्हणून विनंती करते: लावणीला शास्त्रीय दर्जा मिळवून देण्याच्या नादी लागू नका. संगीत नाटक अकादमीच्या यादीत आठ नृत्यं आहेत, आसामचं सत्रिय 2000 साली आत गेलं, तसं लावणीचंही होईल, अभ्यासक्रम बसेल, परीक्षा होतील, माझ्यासारख्या कुणीतरी क्लास काढतील. अदा सोज्वळ होईल. दहा वर्षांनी लावणी विशारद झालेल्या मुली भरपूर असतील आणि मोडनिंबची एकही नसेल. ही भीती कल्पनेतली नाही. मद्रासमध्ये घडून गेलेली आहे, तारखांसकट.

त्यापेक्षा साधी कामं आहेत. वृद्ध कलावंतांचं मानधन आपण 2024 पासून महिना 5,000 रुपये केलं, चांगलं केलं. अर्जाबरोबर कलासेवेचे पुरावे लागतात: प्रमाणपत्रं, कात्रणं, सत्कारांचे फोटो. ज्या बाईने तीस वर्षं थिएटरात नाचून काढली तिच्याकडे यातलं काहीच नसतं, कारण तिचं काम वर्तमानपत्रात छापायच्या लायकीचं कुणी समजलं नाही, आणि छापलं तेव्हा ते पोलिसांच्या बातमीत. तिच्या ढोलकीवाल्याची, थिएटरमालकाची, जुन्या कलावतींची साक्ष पुरावा म्हणून धरा. पुण्याच्या विद्यापीठात कथक आणि भरतनाट्यमच्या पदव्या मिळतात, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. तिथे अदा शिकवायला त्या वयस्क बाईंसारख्यांना पदवीची अट न घालता, तासावर नव्हे, पगारावर नेमा. कला केंद्रांचा कारभार परवाना आणि छापा या दोन टोकांमध्ये अडकला आहे. तिथे डीजे का आला, लावणी का मागे पडली, याची चिंता आपण व्यक्त करता. पण त्या आवारात आपल्या खात्याचा माणूस कधी फिरकत नाही, पोलीसच जातो. कोविडच्या दोन वर्षांत जत्रा बुडाल्या, नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या फुटल्या नाहीत, तेव्हा या बायकांची यादी कुणाकडेच नव्हती. ती आता तरी तयार करा, त्यात मुलांच्या शाळेचा रकाना ठेवा, आणि नाच सोडायचा असेल का, हेही त्यांनाच विचारा.

अभ्यास समिती नेमू नका, कृपा करून. नेमलीच तर तिच्यात आम्ही शास्त्रीयवाल्या कमी असू द्या.

आणि एक आकडा मागते. येत्या अधिवेशनात तो सभागृहापुढे ठेवावा. गेल्या पाच वर्षांत लावणी महोत्सवांवर, स्पर्धांवर आणि शिबिरांवर जो खर्च झाला, त्यातून मंडप, ध्वनिव्यवस्था, निवेदन, पाहुण्यांचा प्रवास आणि पुष्पगुच्छ वजा करून, संगीत बारीत आणि फडावर नाचणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या बँक खात्यात किती रुपये जमा झाले? जिल्हावार मिळाला तर उत्तम.

कळावे,
आपली,
पुण्यातली एक कथक शिक्षिका